सॅम्युअल मास्तरांच्या गिटारीचं पोट

चहा जरा निवू द्या, तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. ही गोष्ट मी आपणहून कुणाला सांगत नाही. पण घरी नवा पाहुणा आला की आमची कुसुमच ती सांगते, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगते. तेव्हा म्हटलं, ती स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आत आपणच मोकळं व्हावं.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचा सुमार. मी परभणीत एका शाळेत विज्ञान शिकवायचो. गावाच्या कडेला दोन खोल्यांत आमचा संसार. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. शाळा सोडून मला दोन नाद होते. एक, आमच्या गायन पार्टीत गिटार वाजवणं. दुसरा, भूत, करणी, अंगात येणं या गोष्टी किती खोट्या आहेत ते दिसेल त्या माणसाला समजावून सांगणं. पेडगावला एकदा मी या विषयावर सलग दीड तास बोललो होतो. शेवटी समोर दोनच माणसं उरली होती, आणि त्यातला एक सतरंजी गोळा करायला थांबलेला होता.

आता गिटारीचं सांगतो. ती माझी नव्हती. आमच्याकडं सॅम्युअल मास्तर म्हणून एक मोठा वाजवणारा माणूस होता. मूळचा हैदराबादचा, बँडमध्ये आयुष्य गेलं. शेवटची दोन वर्षं दम्यानं आणि घशाच्या दुखण्यानं त्यांचा आवाज पार बसला होता. नाकातून, दुरून, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे बोलायचे. ते गेले, आणि वर्षभरानं त्यांच्या बायकोनं, रेबेकामावशीनं, ती विजेवरची गिटार आमच्या पार्टीला वाजवायला दिली. देताना एकच गोष्ट बोलली.

“वाजवा सर, खुशाल वाजवा. पर तिचं पोट उघडू नका.”

मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हातारीचा जीव गुंतलाय त्याच्यात.

पण गिटारीची तब्येत खरंच बरी नव्हती. तारा पिळायच्या चाव्यांचे दाते झिजले होते, त्यामुळं एका गाण्यात तारा तीनदा उतरायच्या. घोडी, म्हणजे ज्या पट्टीवर तारा टेकतात ती, गंजून एका बाजूला बसली होती. आणि पिकअप, म्हणजे तारांखालचं ते चुंबक आणि तारेचं वेटोळं, जे तारांचा आवाज पकडून मशीनला देतं, ते मध्येच गप्प व्हायचं. बुद्ध जयंतीला मानवतला आमचा मोठा कार्यक्रम होता. तिथं ही गिटार मुकी झाली असती तर पार्टीची लाज गेली असती.

मी हैदराबादला गेलो आणि एका वाद्यदुरुस्तीवाल्याकडून चाव्या, घोडी आणि दोन पिकअप घेऊन आलो. तो म्हणाला, गिटार इथं घेऊन या, मी बसवून देतो. मी म्हणालो, विज्ञानाचा मास्तर आहे मी. त्यावर तो नुसता हसला. ते हसणं मला तेव्हा समजायला हवं होतं.

मे महिना, शाळेला सुट्टी. सकाळी कुसुम पाण्याला गेली आणि मी खाटेवर गिटार उताणी घातली. वरच्या पांढऱ्या पाटीचे स्क्रू काढले, पाटी उचलली आणि पोट उघडलं.

आतून तंबाखूचा वास आला, मास्तरांच्या सदऱ्याला यायचा तोच. अंगावर जरासा काटा आला, पण तो मी विज्ञानानं खाली बसवला. आत बघतो तर पोकळीच्या भिंतींना सगळीकडं चुरगळलेले, काळपट, चंदेरी कागद खळीनं चिकटवलेले. थरावर थर. उंदराच्या बिळात चमचमतं काही सापडावं तसं. मी म्हटलं, हा काय गबाळेपणा, आणि उलथन्याच्या टोकानं सगळं खरवडून काढलं. शेणाच्या पाटीत भरून उकिरड्यावर टाकून आलो. मग कानशीनं भोक मोठं करून नवे पिकअप बसवले, शाळेतून आणलेल्या सळईनं तारांना डाख दिले, घोडी चढवली, चाव्या पिळल्या. दोन दिवस लागले. गिटार नव्या नवरीसारखी दिसायला लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी तिची तार मशीनला जोडली. मशीन म्हणजे लाउडस्पीकरवाल्याकडून आणलेला जुना अँप्लिफायर, तापायला वेळ घ्यायचा. तो तापेपर्यंत गिटार खाटेवर ठेवून मी पाणी प्यायला उठलो.

मेमधली परभणीची दुपार तुम्हाला माहीत असेल. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. लिंबाचं पान हलत नाही. त्या शांततेत माझ्या पाठीमागं कुणीतरी बोललं.

मी वळलो. खोलीत कुणी नव्हतं. खाटेवर गिटार, खाली मशीन. आणि मशीनमधून, नाकातून, दुरून, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून एक माणूस पुटपुटत होता. शब्द कळत नव्हते, पण चाल माणसाची होती. मध्येच थांबायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा सुरू.

मी हळूच पुढं होऊन तारांवर हात ठेवला. आवाज गप्प झाला. हात काढला, पुन्हा बोलायला लागला.

तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? मी मशीन बंद केलं आणि उन्हात जाऊन बसलो. कुसुमनं विचारलं तेव्हा म्हणालो, हवा खातोय.

दुसऱ्या दिवशी मनाशी ठरवलं की कालचा भास होता. आमचा पेटीवाला निवृत्ती नेमका त्या दिवशी मानवतहून आला होता. त्याला काही न सांगता मी गिटार जोडली. पाचच मिनिटांत पुटपुट सुरू झाली. निवृत्तीच्या हातातला पान लावायचा चुना तसाच राहिला. आम्ही दोघंही कान देऊन ऐकत होतो, आणि खरखरीतून एकच वाक्य वर आलं, एवढं स्पष्ट की मी आजही विसरलो नाही.

“…तोंड उघडं ठेवू नका.”

निवृत्तीनं माझ्याकडं बघितलं. “सर, तुमी हिचं काही उघडलंय का?”

मी म्हणालो, थोडंसं.

त्यानं पानाचं सामान गोळा केलं, चपला हातातच घेतल्या. दारातून एवढंच म्हणाला की मास्तर जित्तेपणी लय सरळ माणूस होते, पर त्यायच्या वस्तूला हात लावलेला त्यायला खपत नव्हता. मग तो जो गेला तो थेट एस.टी. स्टँडवर.

त्या रात्री मला झोप कुठली. मी स्वतःलाच पेडगावचं भाषण पुन्हा ऐकवलं, पण वक्ता पहिल्यासारखा रंगत नव्हता. सकाळी ठरवलं की आज शेवटचा प्रयोग. आज काही झालं नाही तर सगळा मनाचा खेळ. कुसुम साडेअकरालाच वेणीफणी करून गल्लीच्या टोकाच्या बाईंकडं जाते म्हणाली. कशाला, ते सांगितलं नाही. चेहरा मात्र काहीतरी लपवल्यासारखा होता. मला ते बरंच वाटलं. मी घाबरलेला तिला दिसायला नको होतं.

घरात मी एकटा. बारा वाजून गेले होते. मशीन लावलं. गिटारीला हात न लावता समोर मांडी घालून बसलो. खरखर आली. मग दूर कुठंतरी एक बाई हसल्यासारखी वाटली. मग तो आवाज, तोच नाकातला, आज पहिल्यापेक्षा जवळ. काहीतरी बोलत बोलत आला, थांबला, आणि म्हणाला:

“उत्तम साळवे.”

माझं नाव उत्तम साळवे.

त्यानंतर तो पुढं काय बोलला ते मी ऐकलं नाही. कारण मी घरात नव्हतो. दार कधी उघडलं, उंबरा कधी ओलांडला, काही आठवत नाही. अनवाणी, बनियनवर, भर उन्हात मी रेबेकामावशीच्या घराकडं पळत सुटलो होतो. पायाचे तळवे भाजत होते, पण तिकडं लक्ष कुणाचं? डोक्यात एकच की म्हातारीचे पाय धरायचे आणि सगळं कबूल करायचं.

गल्लीच्या तोंडाशी हॉटेल होतं. तिथला सय्यदभाई गल्ल्यावरनं उठून ओरडला, “सर, तुमचंच नाव घेतलं की आत्ता.”

मी थबकलो. “कुणी?”

“कुणी म्हंजे? समद्यायनं ऐकलं इथं.”

म्हणजे मास्तरांचा आवाज हॉटेलापर्यंत पोचला होता. मी पुन्हा पळालो. पुढं दुकानातला शिंपी शिलाई मशीनवरनं मान न उचलता हसून म्हणाला की नुसतं तुमचं न्हाई सर, वैनीचं पण नाव घेतलंय. चूक माझी, त्यात बिचाऱ्या कुसुमचा काय दोष? आता हसताय तुम्ही. मला त्या वेळी रेडिओ हा शब्दसुद्धा आठवला नाही. हॉटेलात तो वाजत असणार, शिंप्याकडंही असणार. पण माझ्या कानांत फक्त माझंच काळीज वाजत होतं.

रेबेकामावशी ओसरीत ज्वारी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि धापा टाकत सगळं ओकून टाकलं. तुम्ही नको म्हणालात तरी मी पोट उघडलं, मास्तर रागावलेत, तीन दिवस बोलायलेत, आज माझं नाव घेतलं, कुसुमचं घेतलं.

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग हळू आवाजात विचारलं:

“माझं घेतलं का?”

म्हणालो, मला तरी ऐकू आलं नाही.

तिनं पदर नीट केला, चपला घातल्या आणि चला म्हणाली. मी तिच्या मागं मागं, जीव मुठीत धरून. पण म्हातारी इतक्या घाईनं चालत होती की मला तिला गाठावं लागत होतं. तिला वाटत होतं की घरी तिचा माणूस आलाय.

घरात मशीन चालूच होतं आणि आवाजही चालू होता. मावशी खाटेपाशी खाली बसली. कान मशीनला लावला, डोळे मिटले. मी दारात, एक पाय बाहेर ठेवून उभा. दोन मिनिटं गेली असतील. तिच्या चेहऱ्यावरची कळा हळूहळू उतरत गेली. मग तिनं डोळे उघडले आणि एक मोठा श्वास सोडला.

“हे आमचे मास्तर न्हाईत, सर. हा सरकीचा भाव सांगायलाय. आमच्या माणसानं जल्मात कधी सरकीचा भाव विचारला न्हाई.”

मग खिडकीकडं बोट दाखवलं. बाहेर, शेतांच्या पलीकडं, रेडिओ केंद्राचा उंच मनोरा उन्हात उभा होता. त्या मनोऱ्याकडं बघत मी रोज दात घासायचो.

“आतली चांदी कुठंय?” तिनं विचारलं.

“कसली चांदी?”

तेव्हा तिनं सांगितलं. नवा मनोरा उभा राहिला तशी मास्तरांची गिटारही अशीच बोलायला लागली होती. मास्तरांनी सिगारेटच्या पाकिटांतले चंदेरी कागद वर्षभर जमवले. मावशीनं रोज संध्याकाळी एकेक कागद अंगठ्याच्या नखानं सपाट करून दिला, त्यांनी आत चिकटवला आणि त्या कागदांना एक तार जोडली. तेव्हा कुठं रेडिओ आत शिरायचा थांबला. म्हणून पोट उघडू नका म्हणाली होती. शापबिप काही नव्हता. आणि ‘तोंड उघडं ठेवू नका’ हे बियाण्याच्या पोत्याबद्दल असणार, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातलं.

तिच्या वर्षभराच्या संध्याकाळी मी उलथन्यानं खरवडून उकिरड्यावर टाकल्या होत्या. मी तसाच उठून उकिरड्यावर गेलो, पण तिथं वाऱ्यानं काही ठेवलं नव्हतं. परत येऊन म्हणालो, मावशी, चुकलो. ती म्हणाली, पानपट्टीवरनं कागद आणा, मी नखानं सपाट करून देते. पुढं मानवतच्या कार्यक्रमात गिटार काय वाजली म्हणता, आणि ती पहिल्या रांगेत बसली होती. पण ते नंतरचं.

त्या दुपारी आम्ही दोघं तसेच बसलो असताना कुसुम आली. गाल लाल, डोळे चमकत होते. मावशीला बघून जरा लाजली, मग न राहवून म्हणाली, “ऐकलं का तुमी?”

“काय?”

“अवो, बाईंच्या रेडिओवर. श्रोत्यायच्या पत्रात. तुमच्या वाढदिवसाला गाणं लावा म्हणून मी चोरून कार्ड टाकलं होतं. समदं वाचून दाखवलं त्यायनं, एक शब्द सोडला न्हाई.”

मावशीनं पदर तोंडाला लावला. मी भिंतीकडं बघत विचारलं, काय लिहिलं होतंस?

कुसुमनं ते पाठच केलं होतं. शाळेतल्या मुलीसारखी सरळ उभी राहून तिनं म्हणून दाखवलं, “माझे पती उत्तम साळवे हे विज्ञानाचे शिक्षक असून ते जगात कशालाही भीत नाहीत.”

अख्ख्या जिल्ह्यानं ते वाक्य नुसतं ऐकलं. सय्यदभाईच्या हॉटेलातल्या लोकांना मात्र ते ऐकता ऐकता समोरून मीही बघायला मिळालो.