वेल्डाच्या पलंगामागची खिडकी

नोव्हेंबर सरत आला होता. एका सकाळी वेल्डा प्रुइटला जाग आली तेव्हा कमरेखालची चादर ओली लागली.

ती तशीच बसून राहिली. वास घेऊन बघायचंही धाडस तिला झालं नाही. डोळ्यांपुढे आई आली. आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी चादरी, मग नावं विसरणं, मग सेलमच्या वृद्धाश्रमात खुर्चीत बसून लेकीलाच "बाई, तुम्ही कोण?" असं विचारणं. वेल्डानं चादर गोळा केली आणि शेजारचं कुणी उठायच्या आत वसाहतीच्या कपडे धुण्याच्या खोलीत नेऊन मशीनमध्ये टाकली.

नवरा मर्व्ह गेल्यापासून ती ऑरेगनच्या किनाऱ्यावर, नदीच्या मुखाजवळच्या ट्रेलरांच्या वसाहतीत एकटी राहत होती. ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. पण तिच्या ट्रेलरची चाकं कधीच जमिनीत रुतली होती. एका टोकाला भिंतीला लागून पलंग, मध्ये चूल, दुसऱ्या टोकाला जेवायचं टेबल आणि बाक. चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात उभं राहून काम केल्यावर तिला एवढं घर पुरत होतं. स्वतःच्या दाराची किल्ली स्वतःच्या खिशात, हीच तिची चैन.

चार दिवसांनी पुन्हा चादर ओली. मग पुन्हा. वेल्डानं दुपारची कॉफी सोडली. संध्याकाळी पाण्याचा घोटही घेईना. शेजारच्या गावातल्या दुकानात, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं, तिथं जाऊन मोठ्या माणसांचे डायपर आणले आणि कपाटात पिठाच्या डब्यामागे लपवले. ओठ सुकले, चालताना डोकं गरगरायला लागलं. आता चक्करही येते म्हणजे आईचंच दुखणं, अशी तिची खात्री होत चालली.

शेजारच्या राज्यातल्या बॉइसीहून मुलीचा, टॅमराचा, रविवारी फोन यायचा.

"आई, आवाज बारीक का येतोय तुझा?"

"सर्दी झालीय गं."

"मागच्या रविवारीही सर्दीच होती. हे बघ, इकडे एक चांगली जागा आहे. चोवीस तास नर्स असते. नुसती बघून तरी जा."

"बघू," वेल्डा म्हणाली. तिनं फोन ठेवून दिला.

गादी खराब होईल म्हणून ती टेबलाजवळच्या बाकावर, खाली प्लास्टिक घालून झोपायला लागली. पाऊस दोन दिवस आडवा-तिडवा झोडपत होता. तिसऱ्या सकाळी ती उठली तर बाक कोरडा. स्वेटर घ्यायला पलंगाशी गेली, गादीवर हात टेकला आणि चटकन मागे घेतला. गादी चिंब होती. त्या गादीवर गेले दोन दिवस कुणी झोपलंच नव्हतं.

वेल्डाला हसू फुटलं आणि हसता हसता रडू. मग तिनं पलंग ओढला आणि खिडकीखालच्या भिंतीवर बोट दाबलं. बोट आत गेलं. ओल्या पावात जावं तसं. तिचं हसू तिथल्या तिथं विरलं.

पलीकडच्या ट्रेलरात आयव्हर नुटसन राहायचा. जन्मभर मासेमारीच्या बोटींवर काम केलेला, मर्व्हचा दोस्त. तो आला आणि त्यानं भिंत चाचपली.

"कधीपासून?"

"महिना झाला असेल."

"आणि आज सांगतेस? बोट बुडाल्यावर हाक मारणारी माणसं असतात, त्यातली तू."

पाणी कुठून येतंय ते आधी शोधायला हवं होतं. तो बाहेर नळी घेऊन उभा राहिला, ती आत बॅटरी घेऊन. त्यानं खिडकीच्या खालच्या कडेपासून सुरुवात केली. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि भोक कुठलं ते कळत नाही.

"काही दिसतंय?"

"कोरडं आहे."

नळी बाजूच्या कडांवर आली. कोरडं. मग वरच्या कडेवर. वेल्डा बॅटरीचा झोत भिंतीवर धरून बघत राहिली. थोड्या वेळानं भिंतीतून, खिडकीपासून हातभर खाली, गादी टेकायची त्या जागी, चहासारखी तपकिरी धार सरकत बाहेर आली.

"आलं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. पुन्हा ओरडून सांगावं लागलं.

खिडकीच्या चौकटीखाली पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. मर्व्हनं दर शरद ऋतूत तिथंही फटी बुजवायचं सिलिकॉन फासलं होतं. वरच्या कडेच्या फटीत भरलेली लांबी सुकून तडकली होती. वरून आलेलं पाणी खालून बाहेर पडू शकत नव्हतं, म्हणून भिंतीत उतरत होतं.

"चांगल्यासाठीच केलं बिचाऱ्यानं," आयव्हर म्हणाला.

"खिडक्या गळू नयेत म्हणून शिडीवर चढायचा. गुडघे दुखत असताना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकी काढली. रेडिओवर संध्याकाळी वादळ येणार असं सांगत होते, पण आयव्हरच्या हिशेबानं काम जेवणाआधी उरकणार होतं. उरकलं नाही. चौकटीखालचं लाकूड काळं पडून भुसा झालं होतं, आणि त्याखाली आणखी एक गोष्ट दिसली. वेल्डाच्या पलंगालगत खोली गरम ठेवणाऱ्या विजेच्या शेगडीचा प्लग होता, त्याची आतली वायर ओलीनं कुजून एका जागी जळाली होती. आजूबाजूचं लाकूड कोळशासारखं.

आयव्हरनं आधी जाऊन वीज तोडली. मग परत येऊन तिच्याकडे न बघता म्हणाला, "शेगडी रात्रभर चालू असायची?"

वेल्डानं मान डोलावली. ती पलंगाच्या लाकडी फळीवर बसली.

"उठ," आयव्हर म्हणाला. "घाबरायचं ते उद्या. आत्ता भिंतीला भोक आहे आणि वारा सुटलाय."

समुद्राकडून ढग खाली येत होते. त्यानं कुजकं लाकूड खरवडून काढलं, देवदाराची नवी पट्टी कापून बसवली. वेल्डा प्लास्टिकच्या सुरीनं चौकटीची जुनी लांबी खरवडत होती. बोटं बधिर झाली होती. रबरासारखी चिकट करडी पट्टी तिनं चौकटीला चहूबाजूंनी चिकटवली, कोपऱ्यात फट राहू नये म्हणून दोनदा दाबली. खिडकी उचलताना वाऱ्याचा झोत आला आणि काच तिच्या हातातून निसटतेय असं वाटलं.

"सोडू नकोस, बाई."

"धरलीय. तू आपले स्क्रू बघ."

शेवटचे स्क्रू पिळले जात होते तेव्हा पाऊस सुरू झाला.

दोघं आत अंधारात बसले. ट्रेलर हलत होता. वेल्डा बॅटरीचा झोत भिंतीवरून हटवेना. काचेवर एक थेंब दिसला आणि तिनं बोट दाखवलं. आयव्हरनं रुमालानं तो पुसला.

"आपल्याच श्वासाची वाफ आहे. थांब, बघू परत येतो का."

आला तो काचेवरच, धुक्यासारखा. नवं लाकूड कोरडं होतं.

तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. चादरी, डायपर, आई. अंधार होता म्हणून सांगता आलं. आयव्हर हसला नाही.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," तो म्हणाला. "चक्कर पाणी न प्यायल्याचीच असणार. पण विचारून घेऊ. मी गाडी काढतो."

डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलं, दुसरं काही निघालं नाही. वायर विजेच्या माणसानं बदलली. वसंतात त्यांनी उरलेल्या खिडक्या एकेक करून काढल्या. दोन खिडक्यांखालचं लाकूड आतून कुजलेलं निघालं. स्क्रू सैल व्हायला लागला की वेल्डा दर वेळी पुढे होऊन चौकटीखाली बोट घालायची, आणि बोटाला टणक लाकूड लागेपर्यंत तिथून हलायची नाही.