डब्यातली पांढरी पूड

मृत्युंजय गावाभोवतीच्या अडुसष्ट शिवलिंगांची फेरी आटोपून घरी आला, तेव्हा पाण्याचा तांब्या पुढं करण्याआधी दाक्षायणीनं त्याच्या कपाळाला हात लावला. अंग गार होतं. तरी आईच्या जिवाला चैन पडेना.

सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलायची म्हणून पोरगा महिनाभर सराव करायचा. पण गेली दोन वर्षं पहिल्या दिवशी काठी घेऊन ही फेरी झाली, की सर्दी-तापानं त्याला गाठलं आणि दुसऱ्या दिवशी, देवाच्या लग्नाच्या अक्षतांना, काठी दुसऱ्याच्या हाती गेली. यंदा व्यायामशाळेतल्या शिवयोगी नावाच्या मास्तरानं त्याला पांढऱ्या पुडीचा एक डबा विकला. अतिश्रमानं अंगातलं ग्लुटामाइन नावाचं द्रव्य उतरतं, मग आजाराशी झुंजायची ताकद कमी पडते; ही पूड ती तूट भरून काढते म्हणे. डॉक्टर फिरदोस म्हणाल्या, "याचा पक्का पुरावा नाही. पोटभर जेव, झोप काढ." पण जेवायचा सल्ला फुकटचा, त्याला कोण विचारतो? डबा देव्हाऱ्यात ठेवायचाच काय तो बाकी राहिला होता.

दाक्षायणीनं चष्मा लावून तो चारी बाजूंनी पाहिला. परदेशी माल, शाकाहाराचा हिरवा ठिपका कुठंच नाही. कशापासून काढलंय कोण जाणे, आणि हे देवाची काठी धरणाऱ्याच्या पोटात? तिनं यात्रेआधीच पूड मोरीत ओतली आणि डब्यात ग्लुकोज भरलं. लिंबाच्या सरबतातून घेणाऱ्याला गोडी काय कळणार! पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली. पोरगा आडवा पडला तर पाप आपल्याच माथी.

अक्षतांच्या सकाळी तो ठणठणीत उठला. डबा पिशवीत टाकत गाडीवरूनच ओरडला, "कल्लप्पाकाका लई थकल्यात. त्यांना पण देतो की!"

कल्लप्पा मृत्युंजयबरोबर काठी धरणारे, साठीचे, बारा वर्षांपासून साखरेचे रोगी, रोज सुई टोचून घेणारे. दाक्षायणी भानावर येईतो गाडी गल्लीबाहेर गेली होती. पोराला फोन लावला, तर त्याचा फोन आतल्या खोलीतच वाजला. मिळेल त्या रिक्षानं ती निघाली, गर्दी लागली तशी उतरून धावत सुटली. वाटेत दहा जणांचे धक्के खाल्ले, चार शिव्या खाल्ल्या.

ती काठ्यांपाशी पोहोचली तेव्हा कल्लप्पांनी पेला ओठाला लावलाच होता.

"अण्णा, पिऊ नका! गुलकोज हाय त्यात. मीच भरलंय."

पांढरा बाराबंदी अंगरखा घातलेले सगळे काठीवाले वळून बघायला लागले. धापा टाकत तिनं सगळं सांगून टाकलं. कल्लप्पांनी पेला खाली ठेवला आणि तिला हात जोडले. मृत्युंजयचा चेहरा मात्र पांढरा पडला.

"मग काल मी काठी कशाच्या जोरावर उचलली गं?"

"मला काय ठाऊक बाबा? मी तर काल दिवसभर, तू पडशील म्हणून रडत होते."

तेवढ्यात काठ्या उचलायचा पुकारा झाला. मृत्युंजय पुढं गेला. काल दिवसभर न डगमगलेले त्याचे हात आता थरथरत होते, आणि ते फक्त तिलाच दिसत होतं.