पट्ट्यावरची जाळी

बुधरी कोवेचा उजवा पंजा गेला, त्या दिवसापासून गावात जो तो तिला एकच गोष्ट ऐकवत होता. शेठ देवमाणूस म्हणून निभावलं, नाहीतर आपल्यासारख्याला कोण विचारतो! सावलीच्या राईस मिलचे मालक नानाजी शेठ तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात घेऊन गेले होते आणि मलमपट्टीचा खर्चही त्यांनी केला होता, हे खरंच. पण देवमाणूस हा शब्द कानावर पडला की बुधरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. हात गेला तो मिलमध्ये, आणि आरती ओवाळायची ती मिलवाल्याचीच!

तिचं गाव जंगलाला लागून. तिथून ती रोज सावलीला कामाला यायची. मिल जुनी होती. मोटरवरून धान भरडायच्या यंत्राकडे जाणारा लांब पट्टा पावसाळ्यात हवा दमट झाली की घसरायचा. त्याला लावायचं औषध बाजारात मिळतं, पण ते विकत घ्यावं लागतं. बुधरीच्या जंगलात सालईचा डिंक फुकट. शेठनी एकदा तिच्याकडून तो मागवला. चालत्या पट्ट्यावर डिंकाचा खडा घासला की पट्टा चाकाला घट्ट धरायचा. तेव्हापासून ते काम बुधरीचंच झालं, आणि खोटं कशाला बोला, तिला त्याचा अभिमानही होता. "बुधरीचा डिंक नसता तं मिल बंद पडली असती," असं शेठ चारचौघांत म्हणायचे. कौतुकाला काय, दमडी पडत नाही.

मग एका सकाळी त्या पट्ट्यानं डिंकाच्या खड्यासकट तिचा पंजाही ओढून नेला.

जखम भरल्यावर शेठचा मुनीम कागद घेऊन घरी आला. हात मिलमध्ये नव्हे, घरीच कामात गेला, असं बुधरीनं लिहून द्यायचं होतं. त्या बदल्यात शेठ तिला मिलचं अंगण झाडायचं काम जन्मभर देणार होते.

"बाईमाणसाचा उजवा अंगठा लागते," मुनीम शाईची डबी उघडत सवयीनं बोलून गेला.

बुधरीनं थोटा हात त्याच्या नाकासमोर धरला. "थो तुमच्याच मिलमंदी हाय. पाहा, सापडते का!"

मुनीम कागद गुंडाळून निघाला. बुधरीनंही चपला घातल्या आणि सरळ राजदीप वकिलाचं घर गाठलं. राजदीप सावलीच्या बौद्ध वस्तीतला. त्याच्या आईनं याच मिलमध्ये तांदूळ पाखडून त्याला शिकवलं होतं.

"बुधरीबाई, कामावर इजा झाली तं भरपाई द्यावाच लागते मालकाले," तो म्हणाला. "थे दान नाई, तुमचा हक्क आहे. काम करता करता तुमची चुकी झाली असन, तरी हक्क जात नाई." मग म्हणाला, "फक्त एक पाहा. हात जाऊ नये म्हणून पट्ट्यावर जाळी असते. थे जाळी तुमी आपल्या मनानं काढली, असं शेठनं साबित केलं तं केस अडकन."

बुधरीनं थोटा हात पदराआड घेतला. जाळी तिनंच काढली होती.

राजदीपला ते सांगायला तिची जीभ रेटली नाही. तिनं सांगितलं ते ठमाबाईला. दोघी मिलमध्ये कितीतरी वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहून काम करत होत्या. "म्या पाहिलीच नाई जाळी, असं म्हन," ठमाबाई म्हणाली. "खरं बोलशीन तं हात दाखवून अवलक्षण होईन."

बुधरी हो म्हणाली खरी, पण मनातली टोचणी काही जाईना. मिल शेठची, पट्टा शेठचा, हुकूम शेठचा, आणि चोरासारखी मान खाली घालायची आपण! तिला स्वतःचाच राग यायला लागला.

चंद्रपूरच्या कामगार न्यायालयात तिची साक्ष निघाली, तेव्हा सोबतीला आलेली ठमाबाई मागच्या बाकावर बसली होती. शेठच्या वकिलानं अगदी गोड आवाजात विचारलं, "बाई, पट्ट्यावरची जाळी तुम्हीच काढली ना?"

ठमाबाई मागून नाही नाही अशी मान हलवत होती.

"हो," बुधरी म्हणाली. "मीच काढली."

वकील हसला. राजदीपचा चेहरा पडला. बुधरी न्यायाधीशांकडे वळली.

"साहेब, पुढचं बी लिवून घ्या. जाळी आड येते, डिंक लावता येत नाई, काढून टाक, असं शेठनंच सांगतलं. म्या काढली. तवा दोनी हात होते. डोक्यावर घेऊन शेठच्या घरी नेली अन् त्याईच्या आंब्याच्या रोपाले लावून देली, बकऱ्या खाऊन राह्यल्या होत्या म्हणून. आज बी थितीच हाय. रोपाचं झाड झालं, औंदा फळावर आलं, शेठनं अख्ख्या मिलले आंबे वाटले. म्या चोरून काढली असती, तं शेठच्याच दारात काऊन लावली असती?"

"साफ खोटं आहे!" शेठचा वकील ओरडला.

"म्या खाल्ला न आंबा!" मागून ठमाबाई उठून उभी राहिली. न्यायाधीशांनी तिला गप्प केलं. शेठनी वळून तिच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिला त्यांच्याच मिलमध्ये कामावर जायचं होतं. तरी ती खाली बसली नाही. पुढच्या तारखेला तिची रीतसर साक्ष झाली, आणि राजदीपनं रस्त्यावरून काढलेला त्या झाडाचा जाळीसकट फोटोही दाखल झाला.

निकाल बुधरीच्या बाजूनं लागला. भरपाई व्याजासकट द्यायची, असा हुकूम झाला. देवमाणूस म्हणणारे आता तिलाच वाघीण म्हणू लागले. गावाचं काय, वारा येईल तशी पाठ.

त्यानंतर सावलीच्या बाजारात शेठ समोरासमोर आले. आवाजात मध घालून म्हणाले, "बुधरी, कोर्टात काऊन गेलीस? मी तुले बहिणीसारखं सांभाळलं असतं."

बुधरीनं भाजीची पिशवी थोट्या हाताच्या कोपरात सरकवली.

"मले सांभाळाले जाळी होती, शेठ," ती म्हणाली. "थे तुमी आंब्याले देली."