कुणी न मेलेलं घर

सांडोर सोडलं त्या दिवशी टेम्पोत माझा संसार होता आणि अंगणात अर्धं गाव. टेम्पोवाल्याला वाटलं लग्नच आहे. बिचारा नवरीची वाट बघत हॉर्न वाजवत बसला.

निघताना थोरामोठ्यांच्या पाया पडायचं ही आमची रीत. मी तात्याकाकांपुढे वाकले, तर पाय मागे. आणखी वाकले, पाय आणखी मागे. असं करत करत तात्याकाका उलट्या पावलांनी थेट अळवात जाऊन उभे राहिले. भागीरथी आत्याने खुर्चीतच मांडी घातली आणि म्हणाली, "लांबूनच गं बाई, लांबूनच! आशीर्वाद काय, कुठूनही पोचतो." आणि बाळूमामा, ज्याचे गुडघे गेली कित्येक वर्षं रिटायर झालेत, तो मला बघून केळींच्या रांगांतून असा सुटला की आमची राजेळी केळ अजून त्या वाऱ्याने वाकडी वाढते.

आई ओटीवर उभी होती. दोन्ही हात पदराखाली. "जा," म्हणाली. "तिकडे टँकरचं पाणी असतं म्हणे. उकळून पी." हात काही पदराबाहेर आला नाही.

माझ्या नर्सिंगच्या बॅचच्या मुलींनो, तुम्ही आता म्हणाल, नंदी चालली तरी कुठे होती? आयर्लंडला की मस्कतला? तुमच्यापैकी एक तिकडे बर्फात फोटो काढते, एक वाळूत काढते. मी चालले होते गोखिवऱ्याला. रिक्षाने जायचं, गाणं लागलं तर दुसरं कडवं संपायच्या आत पोचायचं. हसू नका. आमच्या वसई पश्चिमेच्या जुन्या लोकांना रुळांपलीकडची पूर्व म्हणजे सातासमुद्रापार. माझा एक चुलता सांगायचा की पूर्वेला नोकरीला लागलेला त्याचा मित्र संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या कुत्र्यानेच त्याला ओळखलं नाही.

पण पाय का मागे घेत होते, ते सांगते.

मी वसईतल्या एका इस्पितळात वॉर्डची सिस्टर. ड्यूटी संपली की गावची ड्यूटी सुरू. "नंदे, जरा आमच्या बाबांना बघून जा." डॉक्टरांनी हात टेकले की मग माझी आठवण यायची. मी जायची, उशी सारखी करायची, ओठ ओले करायची, नाडी धरून बसायची. आणि ती नाडी माझ्या बोटांखाली थांबायची. अशी किती घरं झाली, देव जाणे. कुणी मला कधी बोलावलं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. लोकांना एवढंच दिसतं की नंदा आत गेली आणि म्हातारा बाहेर आला, चौघांच्या खांद्यावर.

मग हळूहळू गोष्टीला पाय फुटले. हळदीकुंकवाला मी दारात दिसले की घरातल्या आजीला गाढ झोप लागायची. सत्यनारायणाला गेले, तर भटजींनी शेवटचे दोन अध्याय एका श्वासात संपवले. पाचूबंदरची हिराबाय मासे विकायला यायची, ती तर तोंडावर बोलायची: "सिस्टर, पापलेट घे नि जा. पन माझा हात नको धरू हां! तुज्या हातचं पानी पन नको मला."

तीच हिराबाय पुढे माझ्याच वॉर्डात आली. हात तिनेच धरला, सोडेना. जाताना म्हणाली, "लिलाव झाला काय गं?" मी म्हटलं, "नाही मावशी, अजून होड्याच आल्या नाहीत." ती म्हणाली, "मग थांबते." आणि थांबली नाही.

माझ्या बोलण्याला मीठमसाला जास्त असतो हे मला ठाऊक आहे. पण हे पुढचं मी अळणीच सांगते. मला ती माणसं दिसायला लागली. पांढरी साडी, उलटे पाय, तसलं काही नाही. जशी होती तशीच. बावखलाच्या, म्हणजे आमच्या वाड्यांमधल्या तळ्याच्या, काठावर भाऊकाका बसलेले असायचे. त्यांनी शेवटी उशी थोडी वर कर म्हटलं होतं आणि मी सलाईन बघत होते. चर्चकडच्या वळणावर अँतोन मास्तर. त्यांना खिडकी उघडून हवी होती. फाट्यावर हिराबाय टोपली घेऊन उभी, भाव न सांगता. कुणी काही मोठं मागत नाही हो. कुणाला घोटभर पाणी, कुणाला चादर पायावरून काढून हवी. पण घरून निघून इस्पितळात पोचेपर्यंत सगळा रस्ता असा मागण्यांनी भरलेला. कामावर जाते आहे की राउंड घेते आहे, कळेना. जिवंत माणसं पाय मागे घेत होती आणि मेलेली पुढे येत होती.

एकच घर राहिलं होतं ज्यात माझ्या हाताखाली कुणी गेलं नव्हतं, ते आमचं. बाबा मी शिकत असतानाच केळीच्या वाडीत पाणी सोडताना गेले. आणि त्या घरात आई होती, जी मला हात लावू देत नव्हती. गावाने पाय मागे घेतले त्याचं मला हसू यायचं. आईच्या हातांचं नाही यायचं. ताट वाढायची, जमिनीवर ठेवायची आणि माझ्याकडे सरकवायची. बीपीचं मशीन काढलं की म्हणायची, "ठेव तिकडे. तुझी वहिनी लावेल." वहिनीला तर मशीनचा पट्टा कुठल्या हाताला बांधायचा तेही कळत नव्हतं. एकदा तिने तो पायाला बांधला.

तेव्हा मी ठरवलं, बदल पाहिजे. नोकरीचाही आणि गावाचाही. दादाला वाटलं मी आयर्लंडला जाईन. तशा एजन्सीचे फोनही येत होते. पण आईला सोडून इतकं लांब जायला मन होईना, आणि तिच्याजवळ राहवेना. म्हणून गोखिवरे. नोकरी धरली ती डोळ्यांच्या दवाखान्यात. मोतीबिंदूने अजून कुणी मेल्याचं ऐकिवात नाही. बरी होऊन जाणारी माणसं, वर मला म्हणतात, "सिस्टर, तुम्ही इतक्या काळ्या असाल असं वाटलं नव्हतं."

घर बघताना एजंटला मी एकच अट घातली. "असं घर दाखव, ज्यात आजवर कुणी मेलेलं नाही."

तो गडबडला. "मॅडम, व्ह्यू बघा ना. पार्किंग आहे."

"मेलंय का कुणी?"

"नाय हो मॅडम! नवीन बिल्डिंग आहे. इथे सगळे ईएमआयवाले राहतात, त्यांना मरायला परवडतच नाय."

घेतलं. चौथा मजला, भाड्याचं, लिफ्ट लहर लागली तर चालणारी. खाली लहान लहान गाळे, दिवसभर लोखंड कापणारी मशीनं. शेजारी सावंत वहिनी, कोकणातल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सोलकढी आणून दिली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "एकट्याच? मग जेवायला इकडेच यायचं." किती दिवसांनी कुणी आपणहून माझा हात धरला होता. मी सोलकढी पिताना रडले, आणि त्यांना सांगितलं की मिरची लागली.

आणि काय सांगू, कुणी दिसेना! जिन्यात नाही, नाक्यावर नाही. माझ्या मेलेल्यांनी रेल्वेचा पूल ओलांडलाच नाही. पक्के पश्चिमेचे लोक. मी अशी झोपले की टँकरचा भोंगा, मशीनं, खालच्यांचं भांडण, काही कानावर येईना. दर रविवारी सांडोरला जायची. रिक्षा पूल उतरली की सगळे आपापल्या जागी हजर. आई जेवू घालायची, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी बांधून द्यायची, ताट सरकवायची. मी परत यायची.

मग एके दिवशी दादाचा फोन. आईचं हृदय थकलं होतं, पायांना सूज, धाप. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच सांभाळा. दादा म्हणाला, "पण घरी राहायला तयार नाही गं. नंदाकडे न्या, नंदाकडे न्या, एकच लावलंय. वेड लागलंय का तिला?"

लिफ्टची त्या दिवशी लहर नव्हती. खालच्या गाळ्यातल्या पोरांनी आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार जिने वर आणलं. ती वरून हुकूम सोडत होती, "हळू रे, मी काय लोखंड आहे का?" पलंगावर बसली, धाप ओसरू दिली, दादाला म्हणाली, "तू जा आता, वाडीला पाणी सोडायचंय." तो गेला. मग तिने पदराखालून हात काढला आणि माझ्यापुढे धरला.

"घे."

मला घ्यायला होईना. मी म्हटलं, "आता कशी आठवण झाली माझ्या हाताची?"

आई आमच्या वाडीच्या बोलीत बोलायची. तुम्हा सगळ्यांना कळावं म्हणून मी ते सरळ करून लिहिते आहे, पण त्यातला ठसका तेवढा तुम्हीच घाला. ती म्हणाली, "गावभरच्या म्हाताऱ्यांना तुझा हात मिळाला. त्या भाऊला मिळाला, ज्याने आयुष्यभर आपल्या बांधावरचे नारळ चोरले. मला मिळायला नको?"

"मग एवढी वर्षं का लपवलास?"

"तू मला सांगायचीस ना, कोण कुठे बसलेलं दिसतं ते? मी काही बोलायचे नाही, पण ऐकायचे. म्हटलं, उद्या मी तुझ्या हाताखाली त्या ओटीवर गेले, तर तू पुन्हा त्या ओटीवर पाय ठेवशील? मला माझीच पोर माझ्या घरातून घालवायची नव्हती. म्हणून म्हटलं, नाडीच नको तिच्या हाती."

खाली मशीन लोखंड कापत होतं.

"हे घर भाड्याचं आहे ना?" आईने भिंतींकडे असं बघितलं जसं बाजारात उतरलेल्या वांग्यांकडे बघतात. "बरं आहे. इथे जाते मी. मग तू हे सोड आणि घरी ये. तिथे तुला कुणी दिसणार नाही. मी सगळं स्वच्छ ठेवलंय."

मी तिची नाडी धरली. पाखरासारखी होती, मध्येच बसायची, मध्येच उडायची.

त्यानंतर आई राहिली, चांगली राहिली. डॉक्टरांच्या अंदाजाला तिने असं झुलवलं की ते फोन करताना आधी घसा साफ करायचे. सावंत वहिनींच्या सोलकढीला नावं ठेवली आणि रोज मागून प्यायली. सकाळ-संध्याकाळ हात पुढे करायची, "बघ, आहे का अजून?" मी म्हणायची, "आहे, आणि तोंडही आहे." इतक्या वर्षांचं राहून गेलेलं सगळं हात धरणं तिने त्या दिवसांत वसूल करून घेतलं. कधी केस विंचर, कधी नखं काप, कधी नुसताच हात धरून बस.

एका दुपारी गाळ्यांची जेवणाची सुट्टी झाली. मशीनं एकदम थांबली. त्या शांततेत आई म्हणाली, "नंदे, पंखा कमी कर गं." मी धावत जाऊन केला. या खेपेला मी सलाईन बघत नव्हते, दुसरीकडे कुठेच बघत नव्हते. परत येऊन हात धरला. मशीनं पुन्हा सुरू झाली तेव्हा माझ्या बोटांखाली काही नव्हतं.

दिवसकार्य सांडोरला झालं. मी घरभर फिरले. ओटी, स्वयंपाकघर, विहीर, वाडी. आई म्हणाली होती तसंच, घासून ठेवलेल्या तांब्यासारखं स्वच्छ घर. कुणी नाही. बावखलाच्या काठावर भाऊकाका होते, वळणावर मास्तर होते, पण ओटीवर कुणी नव्हतं. आईचा बेत अगदी नीट जमला होता. वहिनीने माझी खोली झाडून ठेवली होती. दादा म्हणाला, "टेम्पो केव्हा सांगू?"

मी ओटीवर बसून राहिले. इतकं रिकामं मी कधी काही बघितलं नव्हतं.

संध्याकाळी रिक्षा केली. पूल ओलांडला, चार जिने चढले, कुलूप काढलं. आणि दारातच थबकले. आत पंखा चालू होता, अगदी हळू. मी बंद करून गेले होते की नाही, ते मला विचारू नका. मी खोटं बोलेन, आणि कुठल्या बाजूने बोलेन ते मलाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी घरमालकाला फोन करून सांगितलं की भाडेकरार पुढे चालू ठेवा.

म्हणून, दूर गेलेल्या मुलींनो आणि मागे राहिलेल्या सांडोरकरांनो, मला परत कधी येणार विचारू नका. आईने सगळा विचार केला होता, फक्त एक सोडून. ती जिथे असेल तिथून मी निघेन असं तिने धरलं होतं.

दादा अजून दर आठवड्याला विचारतो, घरी कधी येतेस. मी म्हणते, रविवारी येते. जेवेन आणि निघेन. उशीर झाला की आई वाट बघत बसते.