ताठ पाठीचे तीन महिने

गल्लीत त्याला सगळे प्रश्नचिन्ह म्हणायचे. तोंडावर नव्हे, पण त्यालाही ठाऊक होतं. कुलूप-किल्लीच्या धंद्यात तीस वर्षं कुलपांपुढे उकिडवं बसून पाठीला अशी काही कमान आली होती, की माणूस नुसता उभा असला तरी पडलेला स्क्रू शोधतोय असं वाटावं. स्वभावही पाठीसारखाच. गिऱ्हाइकाने आवाज चढवला की हा आणखी दोन बोटं वाकायचा. बायको म्हणायची, "आमचे हे भांडायला गेले, की माफी मागूनच परत येतात."

कुलपं मात्र त्याच्यापुढे नांगी टाकत. बंद दाराशी उकिडवं बसायचं, गुडघे छातीशी, गाल लाकडाला, डोळे मिटलेले. मग जग बुडालं तरी याला पत्ता नसे. तिसऱ्या हाकेला ओ आली तर नशीब.

अशात त्याची थोरली बहीण, ताई, शाळेतल्या नोकरीतून निवृत्त होऊन कायमची त्याच्याकडे राहायला आली. साखरेचा आजार आणि ध्यानाचं वेड, दोन्ही तिला एकाच वर्षी जडलं होतं. वरच्या मजल्यावरच्या बाई ध्यानाचा वर्ग घेत. बाई इतक्या ताठ, की गल्लीने त्यांचं नाव छडी ठेवलं होतं. ताईने भावाला कान धरून तिथे नेलं.

छडीबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. "अहो, हे काय गाठोडं? माणूस जसा बसतो, तसं त्याचं मन बसतं. या कमानीत तीस वर्षांची भीती साचलीय तुमच्या. आधी कणा सरळ करा, मग देवाकडे बघू."

आणि खोटं कशाला बोला, फरक पडला. तीन महिन्यांत पाठ उघडली, छाती पुढे आली. एकदा तर त्याने घरमालकाला "हो"च्या ऐवजी "बघतो" असं म्हटलं. नुसतं "बघतो"! गल्लीत दोन दिवस तोच विषय होता. त्याने कामासाठी उंच स्टूल घेतलं. आता तो दारापुढे एखाद्या न्यायाधीशासारखा बसे.

एक गोष्ट मात्र त्याने बायकोपासूनही लपवली. स्टुलावर बसायला लागल्यापासून हात चुकत होता. दोन कुलपं त्याला ड्रिल मारून फोडावी लागली होती. ताठ बसलं की त्याला चारचौघं दिसत, स्वतःचा हात दिसे, तो हात कुणीतरी बघतंय हेही दिसे. आत, कुलपात, काय चाललंय ते मात्र कळेनासं झालं होतं.

ताईची बैठक तर अर्ध्या तासावरून दोन तासांवर गेली. भावजयीची भांडी वाजतात, मन उडतं, म्हणून तिने भावाकडून आपल्या जिन्यालगतच्या खोलीला कुलूप बसवून घेतलं. "असं बसव, की बाहेरून कुणाच्या बापाला उघडता येऊ नये." त्यानेही हौसेने बसवलं. सहा खटके, वर पोलादी पत्रा, म्हणजे ड्रिलही चालायचं नाही. शिवाय स्वतःच्या डोक्यातून काढलेला सातवा खटका. त्याला तो चहाडखोर म्हणे. कुणी तारेने उघडायला गेलं आणि एक जरी खटका केसभर जास्त उचलला गेला, तर चहाडखोर खाली पडणार आणि कुलूप गच्च बसणार. मग किल्लीशिवाय उघडणं नाही. किल्ल्या दोन, आणि दोन्ही ताईकडे.

त्या दिवशी सकाळी अकराला बायको दुकानात धावत आली. चपला नव्हत्या पायात.

"ताई दार उघडत नाहीत. सकाळचं इंजेक्शन घेतलंय, आणि दाराबाहेर ठेवलेला दूध-पाव तसाच आहे. हाका मारमारून घसा बसला माझा."

इंजेक्शन घेऊन खाल्लं नाही, तर साखर भसकन उतरते. डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं. अवजारांची पिशवी आणि स्टूल उचलून तो पळाला.

दाराच्या खालच्या फटीतून ताईच्या शालीचं टोक बाहेर आलं होतं. म्हणजे ती दाराला टेकूनच पडली होती. दार आत उघडणारं. लाथ मारावी तर तिच्याच डोक्यात बसायची. खिडकीला जाळी. अँब्युलन्सला अर्धा तास लागणार होता.

"ताई! ए ताई!"

काही नाही.

त्याने आत लावलेली किल्ली तारेने ढकलली. ती पलीकडे फरशीवर टणकन पडली. सगळ्यांनी कान टवकारले. आत कुणी हललं नाही.

जिन्यात शेजारी जमले होते. बायकोने छडीबाईंनाही बोलावून आणलं होतं, मधाची बाटली घेऊन. तो स्टुलावर बसला. एका हातात ताण देणारी पट्टी, दुसऱ्यात वाकडी तार.

"ताठ बसा," बाई म्हणाल्या. "श्वास पोटातून. भीतीला जागा देऊ नका."

पहिला खटका उचलला. दुसरा. तिसरा. मागे कुणीतरी कुजबुजलं, "यानेच बसवलंय ना हे?" घाम डोळ्यात उतरला. चौथा निसटला. पट्टी सैल पडली आणि तिन्ही खटके परत खाली. चहाडखोर अजून पडला नव्हता, पण केसाच्या अंतरावर होता. त्याला ते बोटात जाणवलं. आपण बहिणीला आपल्याच हाताने आत कोंडलंय.

त्याने लाथेने स्टूल उडवलं. उंबऱ्यापाशी खाली बसला, उकिडवा, गुडघे छातीशी, कपाळ दाराला.

"अहो, पुन्हा ते गाठोडं?" बाई पुढे झाल्या. "असं बसून मन कसं..."

"बाई, गप्प बसा."

ही हिंमत त्यांच्याच वर्गातली होती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

त्याने डोळे मिटले. हळूहळू जिन्यातली माणसं विझली. मग लाकडातून काहीतरी आलं. घरघर. लांब, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. ताईचा श्वास. दाराच्या पलीकडे, त्याच्या कपाळापासून वीतभरावर.

नकळत त्याचा श्वास त्या लयीत गेला. तिने घेतला की हा घेई, तिचा थांबला की तार थांबे. पहिला. दुसरा. तिसरा. चौथ्यापाशी श्वास आलाच नाही. तोही थांबला. बायकोने तोंडात पदर कोंबला. घरघर आली, आणि चौथा खटका बसला. पाचवा. सहावा. पट्टी फिरली.

"ढकलू नका कुणी!"

त्याने दार बोटभर सरकवलं, मग आणखी बोटभर. फटीतून हात घालून ताईचं डोकं तळहातावर घेतलं, आणि दाराबरोबर तिला इंचाइंचाने मागे सारलं. ती गारठलेली होती, घामाने चिंब. पाय अजून मांडीच्या घडीत अडकलेले. दाराकडे सरकत उठायला गेली असावी आणि बधिर पायांनी दगा दिला असावा.

"मध द्या!"

बाटली छडीबाईंच्या हातात होती. उभ्या उभ्या वाकून त्यांचा हात काही पोचेना. मग त्या भस्सकन खाली बसल्या, त्याच्या शेजारी, तशाच उकिडव्या, आणि बोटाने मध ताईच्या गालात आतून चोळू लागल्या. पाठीचा पार गोळा झाला होता. कुणी हसलं नाही.

"येतोय का श्वास?" त्यांनी विचारलं.

"येतोय. बोलू नका, ऐकू द्या."

दोघं तशीच बसून राहिली, डोक्याला डोकं लावून, तिच्या तोंडाशी कान नेऊन. मध तीनदा चोळून झाला, तेव्हा ताईच्या जिभेने बाईंचं बोट चाटलं.