नाताळच्या भिंतीवरची म्हैस

लग्न होऊन मी कळमनुरीच्या अलीकडच्या एका खेड्यात आले, तेव्हा आमची ख्रिस्ती मंडळी सात घरांची होती. मंदिर म्हणजे मातीच्या चार भिंती आणि वर पत्रे. नाताळच्या आधी बायकांनी भिंती सारवायच्या आणि वेदीमागच्या भिंतीवर ख्रिस्तजन्माचा गोठा रंगवायचा, ही माझ्या सासूबाईंनी पाडलेली रीत. त्यांना अक्षर येत नव्हतं. गीतांचं पुस्तक उलटं धरूनही त्या बिनचूक गायच्या. वाचायला त्यांना ती एक भिंतच होती.

मास्तरांना ही रीत पसंत नव्हती. ते शाळा चालवायचे, उपासना घ्यायचे आणि पेटी वाजवायचे. तिन्ही कामं एकाच सुरात. देवाच्या घरात शेळ्या-मेंढ्या कशाला, पांढरी भिंत बरी, असं त्यांचं मत. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, वर्षातून एकदाच, नाताळला यायचे. त्या वर्षी मास्तरांनी बजावलं, "या खेपेला सायबांना भिंत दाखवणार. त्यांनी नाक मुरडलं तर चुना मारायचा, अन् पुन्हा कुंचला लावायचा न्हाई."

"दाखवा की," सासूबाई म्हणाल्या आणि कुंचला माझ्या हातात दिला, कारण मी बोर्डिंगात चित्रकला शिकले होते. चित्रकला म्हणजे पेरू आणि सुरई. म्हैस मला कोणी शिकवली नव्हती.

खरा घोळ उपकारस्तुतीने केला. वर्षभरात ज्याची प्रार्थना ऐकली गेली त्याने नाताळच्या उपासनेत उभं राहून देवाचे उपकार मानायचे, असा आमचा नियम. आदल्या वर्षी हे इतकं लांबलं की जेवणाच्या रश्श्यावर साय धरली. म्हणून सासूबाईंनी तोड काढली. यंदा बोलायचं नाही. ज्याला जे मिळालं ते भिंतीवर काढून घ्यायचं. नाहीतरी गोठाच आहे, जनावरं मावतील.

पहिला मान अर्थात त्यांच्या म्हशीचा. ती उन्हाळ्यात अकरा दिवस बसली ती उठेना. सासूबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली आणि ओव्याचा काढाही पाजला. मदत घ्यायचं प्रभूला वावडं नसावं. बाराव्या दिवशी म्हैस उठली आणि शेजाऱ्याचा कडबा खाऊन आली.

मी काजळी कालवून म्हैस काढायला घेतली. सासूबाई मागे उभ्या.

"पोट अर्धंच काहून काढलंस?"

"आत्याबाई, भिंत पुरायची न्हाई."

"पुरती. खाती ती पोटभर. काढ."

मधली सगळी जागा म्हशीने घेतली. मग रांग लागली. चुलतसासूची अडलेली शेळी सुटली होती. शेळी आणि तिची दोन पिल्लं आली. एकाचा बैल खुरकुतातून उठला होता, तो आला. एका काकांकडे जनावरच नव्हतं, पण विहिरीला पाणी लागलं होतं.

"काका, गोठ्यात विहीर कशी काढू?"

"मग जनावरं पाणी कुठं पितात?" ते म्हणाले. विहीर आली.

सगळ्यात म्हाताऱ्या आजींचा खोकला गेला होता.

"आजी, खोकला काढता येत न्हाई."

"म्या तोंड उघडून बसते, तू बघून काढ," असं म्हणून त्या बसल्याही. शेवटी काढ्याचं पातेलं काढून त्यांची समजूत घातली. आणि सगळ्यांच्या मागून मास्तर आले. पेटीचा फाटलेला भाता त्यांनीच प्रार्थनापूर्वक सांधला होता, तेव्हा कोपऱ्यात बारीकशी पेटी काढायला हरकत नव्हती.

नाताळच्या आदल्या दुपारी चुनाभट्टीचे चाचा राहिलेला चुना घेऊन आले. भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले.

"बेटी, भैंस तो जबरदस्त बनाई. पन ज्याचा सण हाय ते लेकरू किधर है?"

मी भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. विहीर होती, पातेलं होतं, पेटी होती. बाळ नव्हतं. बाळाला वीतभर जागाही नव्हती.

मी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, कोणाचं तरी पुसावं लागेल. कोणी हलेना.

"माझं पातेलं पुसलं अन् खोकला परत आला तर?" आजींनी विचारलं. झालं. बैलवाल्याला खुरकूत दिसू लागलं, काकांची विहीर आटू लागली.

"ही शुद्ध अंधश्रद्धा हाय!" मास्तर कडाडले.

"मग तुमची पेटी पुसू?" मी विचारलं.

"पेटी राहू दे. ती उपासनेची वस्तू हाय."

उद्या पाळकसाहेबांपुढे बाळाविना गोठा गेला तर चुना ठरलेला. सासूबाई म्हशीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "म्हशीच्या पोटावर काढ लेकराला. जागा बी हाय, अन् थंडीत ऊब बी लागंल."

मी म्हशीच्या कुशीवर चुन्याचा गोल दिला, त्यात हळदीने गवत काढलं आणि गवतावर बाळ निजवलं. जवळून ठीक दिसत होतं. लांबून पाहायची मला सवड झाली नाही.

सकाळी पाळकसाहेब बैलांच्या दमणीतून उतरले. वय झालेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मास्तर त्यांना थेट भिंतीकडे घेऊन गेले. साहेबांनी मान तिरकी करून पाहिलं आणि चेहरा उजळला.

"वा! योना संदेष्टा! माशाच्या पोटातला योना! खेड्यातल्या बायकांना इतकं शास्त्र ठाऊक!"

मास्तरांचं तोंड उघडलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

"बाई, योनाच ना हा?" साहेबांनी त्यांना विचारलं.

सासूबाईंनी एकदा म्हशीकडे पाहिलं. मला त्यांची दया आली. एवढी देवाकडे मागून घेतलेली म्हैस.

"व्हय सायेब. योनाच."

"माशाला शिंगं दिसतात."

"लई मोठा मासा हाय, सायेब."

साहेब इतके खूश झाले की तयार केलेला नाताळचा उपदेश बाजूला ठेवून तासभर योनावर बोलले. मग मास्तरांनी पेटीवर बसवलेलं गोठ्याचं गीत आम्ही गायलो. साहेबांनी ते कौतुकाने ऐकून घेतलं. निघताना ते मास्तरांना म्हणाले, "या भिंतीला चुना लावू नका. दर वर्षी बायकांना काढू द्या."

दमणी वळल्यावर मास्तर सासूबाईंना म्हणाले, "नाताळच्या दिवशी मंदिरात खोटं बोललात, बाई."

"म्या बोलले, तुमी न्हाई. तुमी जेवा," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन वेदीपुढे गुडघे टेकून बराच वेळ बसल्या. बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, "पुढल्या वर्षी सायेब पुन्हा येतील. शिंगं पुसून शेपटीला माशाचे पर लावू का?"

"काहून?" त्या म्हणाल्या. "माफी मागून झाली माझी. त्यांना दिसत न्हाई म्हून म्हशीनं शिंगं द्यायची व्हय? चल, वाढायला घे."