उगवत्या सूर्याची खुर्ची

मुंबईच्या कलाशाळेत शिकून मी कुंभिवलीला परतलो, तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं. खुर्ची नुसती बसायला नसते, तिने काही सांगायला हवं. पाटलांनी चावडीसाठी सागाची खुर्ची मागितली. मी तिच्या पाठीवर देशाच्या भवितव्याचं प्रतीक म्हणून उगवता सूर्य कोरला. किरण चांगले बोटभर पुढे आलेले.

पाटील टेकले आणि ताडकन उठले. "टोचतंय रं!"

"भवितव्य टोचणारच," मी म्हणालो.

त्यांनी खुर्ची कोपऱ्यात टाकली. अडाण्यांना कला काय कळणार, म्हणत मी महिनाभर फुगून बसलो.

दुसऱ्या महायुद्धामुळे तेव्हा सरकार शेतकऱ्यांकडून लेव्हीचं, म्हणजे सक्तीचं भात वसूल करी. त्यासाठी येणारे साहेब दिवसभर ठाण मांडून घरोघरच्या कणग्या उघडायला लावत. त्या खेपेला पाटलांनी मोठ्या मानाने माझी खुर्ची पुढे केली. साहेब चहा संपायच्या आत उठले आणि निघून गेले.

मग खालापूरपर्यंतच्या गावांतून तसल्याच खुर्च्यांसाठी माणसं माझ्या दारात येऊ लागली. सूर्याचा अर्थ एकानेही विचारला नाही. सगळ्यांचं सांगणं एकच.

"किरनं आनखी बोटभर वाढव."